यात्रेतील ग्रंथ : दीक्षाभूमी व चैत्यभूमी येथील पुस्तकविक्री आणि अक्षरप्रसार

महाराष्ट्रातील बौद्ध समाजाच्या आधुनिक इतिहासाचा अभ्यास करताना संशोधक सामान्यतः परिषदांचे ठराव, नेत्यांची भाषणे, नियतकालिकांचे जुने अंक आणि शासकीय अहवाल यांचा आधार घेतात. ही साधने महत्त्वाची आहेतच. परंतु शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजाने दोन-तीन पिढ्यांत ग्रंथलेखनापर्यंत मजल कशी मारली, हे समजून घ्यावयाचे असेल तर आणखी एका साधनाकडे लक्ष द्यावे लागेल. अशोक विजयादशमीस नागपूरच्या दीक्षाभूमीभोवती आणि ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर जी पुस्तकांची दुकाने मांडली जातात, तेच हे साधन होय. फळीवर, ताडपत्रीवर, कधी नुसत्या चादरीवर मांडलेल्या या पुस्तकांचा इतिहास अद्याप कोणी सलगपणे लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही एकच मुद्दा मांडू इच्छितो. साक्षरताप्रसाराच्या योजनांत आधी अक्षरओळख व मग ग्रंथ असा क्रम गृहीत धरला जातो. या यात्रांनी तो क्रम उलटविला. येथे अनेक घरांत ग्रंथ आधी आला आणि वाचणारा मागाहून तयार झाला. हे कसे घडले याचे विवेचन करून त्यातून आज आपणांवर कोणती जबाबदारी येते, याचा विचार आम्ही शेवटी करणार आहोत.

श्रवणाची परंपरा आणि ग्रंथाचे दान

बौद्ध परंपरेत धम्मदान हे सर्व दानांत श्रेष्ठ मानले गेले आहे. आरंभीच्या काळात या दानाचे रूप मौखिक होते. भगवंतांचे उपदेश भिक्खूंनी मुखोद्गत केले, संगीतींमध्ये त्यांचे एकत्र पठण झाले आणि उपासकांनी ते ऐकले. बुद्धवचन छंदोबद्ध वैदिक भाषेत घालावे ही सूचना तथागतांनी नाकारली व ज्याने त्याने ते आपल्या भाषेत शिकावे अशी अनुज्ञा दिली, हा चुल्लवग्गातील प्रसंग सुपरिचित आहे. धम्म लोकांच्या बोलीत असावा, हा दंडक तेव्हापासूनचा आहे.

राजस्थानातील बैराट येथे सापडलेल्या व भाब्रू लेख म्हणून प्रसिद्ध असलेल्या शिलालेखात सम्राट अशोकाने सात धम्मपर्यायांची नावे दिली आहेत. भिक्खू-भिक्खुणींप्रमाणेच उपासक-उपासिकांनीही ते वारंवार ऐकावेत व त्यांवर चिंतन करावे, अशी इच्छा त्याने व्यक्त केली आहे. सामान्य गृहस्थासाठी तयार केलेली ही बहुधा भारतातील सर्वांत जुनी ग्रंथसूची म्हणता येईल. मात्र त्यातही क्रिया श्रवणाचीच आहे. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत वट्टगामणी राजाच्या काळी तिपिटक लेखनिविष्ट झाले आणि धम्माला पोथीचे रूप मिळाले.

पोथीसाठी दान देण्याची प्रथा आपल्या प्रदेशातही होती. मुंबईजवळील कान्हेरी येथे शिलाहार मांडलिक पुल्लशक्ती याच्या काळचा, नवव्या शतकातील, एक लेख आहे. त्यात भिक्खुसंघासाठी द्रम्म नावाची नाणी ठेव म्हणून दिल्याचा उल्लेख असून बुद्धपूजा, विहाराची डागडुजी व चीवरे यांच्या बरोबरीने पुस्तकांसाठीही तरतूद केलेली आहे. त्याच शतकातील चीनमधील एक उदाहरण येथे लक्षात घेण्यासारखे आहे. तुन-हुआंग येथील गुहेत सापडलेली व आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेली वज्रच्छेदिका सूत्राची प्रत ८६८ साली छापली गेली. मुद्रणाची निश्चित तारीख असलेल्या ज्ञात ग्रंथांत ती सर्वांत जुनी समजली जाते. वांग चिए नावाच्या उपासकाने आपल्या मातापित्यांप्रीत्यर्थ, सर्वांना विनामूल्य वाटण्यासाठी ती छापवून घेतल्याची नोंद तिच्या अखेरीस आहे. कान्हेरीचा दाता पुस्तक संघाला देतो, तर चीनमधील दाता ते लोकांमध्ये वाटतो. मुद्रणाने घडविलेला हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

अक्षरबंदीकडून छापखान्याकडे

भारतातून बौद्ध विहार लोप पावल्यावर ही परंपरा खंडित झाली. धर्मशास्त्रांनी शूद्रांना वेदश्रवणही नाकारले होते आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तर शाळेच्या ओट्याशीही थारा नव्हता. ही कोंडी फोडण्याचा आधुनिक काळातील निर्णायक प्रयत्न १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यातील मुलींच्या शाळेने महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई फुले यांनी केला. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. शाळेच्या जोडीला त्यांनी ग्रंथही लिहिले. १८७३ मधील 'गुलामगिरी' हा त्यांतील प्रमुख होय.

अस्पृश्य समाजाने स्वतः मुद्रणाचे साधन हाती घेतल्याची उदाहरणे त्यानंतर लवकरच दिसतात. गोपाळबाबा वलंगकर यांनी पुस्तिका लिहिली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' सुरू केले आणि विदर्भात किसन फागुजी बनसोडे यांनी नियतकालिके चालविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी, 'जनता' १९३० साली आणि 'प्रबुद्ध भारत' ४ फेब्रुवारी १९५६ रोजी निघाले. वर्गणीदार थोडे, ऐकणारे पुष्कळ, अशी या पत्रांची स्थिती होती. वस्तीतील एखादा शिकलेला तरुण अंक वाचून दाखवी आणि बाकीचे भोवती बसून ऐकत. श्रवणाची जुनी रीत अशा प्रकारे छापील अक्षराच्या आश्रयाने पुन्हा उभी राहिली. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांतही वसतिगृहांबरोबर वाचनालयांचा समावेश होता.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या जीवनात एका भेट मिळालेल्या पुस्तकाचे स्थान किती मोठे होते, हे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. त्यांच्या विद्यार्थिदशेत झालेल्या एका सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना दिले. हा सत्कार मॅट्रिकच्या यशाबद्दल होता असे धनंजय कीर सांगतात, तर इंग्रजी चौथीची परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल होता असे बाबासाहेबांच्या १९५६ मधील प्रस्तावनेत आहे. प्रसंगाविषयी हा मतभेद असला तरी परिणामाविषयी नाही. त्या पुस्तकाने बुद्धाकडे जाणारी वाट त्यांना दाखविली.

१९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले व परिषद रद्द झाल्याने न झालेले भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. इंग्रजी आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्याचे त्यांनी दुसऱ्या आवृत्तीच्या प्रास्ताविकात लिहिले आहे. सभेचे दार बंद झाले तरी छापील पुस्तक लोकांपर्यंत पोहोचते, हा अनुभव चळवळीला तेव्हाच आला होता.

१९५६ नंतरची यात्रा

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली आणि अवघ्या आठ आठवड्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. ही दोन्ही स्थळे पुढे वार्षिक मेळाव्यांची केंद्रे बनली. दादर येथील चैत्यभूमीच्या स्तूपाचे उद्‌घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी झाले, तर दीक्षाभूमीच्या भव्य स्तूपाचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी झाले.

नवदीक्षित समाजाची तत्कालीन अडचण नीट समजून घेतली पाहिजे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आत होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. इतक्या मोठ्या जनसमूहाने जुने देव, व्रते व विधी सोडले होते. त्यांच्या जागी काय करावयाचे, हे सांगणारे भिक्खू मूठभर होते आणि विहार तर बहुतेक गावांत नव्हतेच. जन्म, विवाह, अंत्यविधी या प्रसंगी काय म्हणावे, पंचशीलाचा अर्थ काय, बावीस प्रतिज्ञा कोणत्या, हे प्रश्न रोजचे होते. उत्तर देऊ शकेल असे साधन एकच होते, आणि ते म्हणजे छापलेली पुस्तिका.

बाबासाहेबांना या गरजेची कल्पना आधीच आलेली होती. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात त्यांनी बौद्ध वाङ्मय अफाट असल्यामुळे सामान्य माणसाला हाताशी बाळगता येईल असा एकच ग्रंथ हवा, असे प्रतिपादन केले होते. 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला व त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. 'बौद्ध पूजापाठ' ही छोटी पुस्तिकाही त्यांनी तयार केली. मूळ ग्रंथ इंग्रजीत असल्याने सामान्य मराठी वाचकाला मात्र थांबावे लागले. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याचा हिंदी अनुवाद केला व पाली संदर्भ शोधून दिले. घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस व शां. शं. रेगे यांनी केलेला मराठी अनुवाद १९७० साली आला. मधल्या तेरा वर्षांची उणीव भरून काढण्याचे काम लहान प्रकाशकांच्या पातळ पुस्तिकांनी केले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे.

यात्रेतून परतताना घरी काही तरी नेण्याची रीत आपल्या समाजात जुनी आहे. पंढरीहून बुक्का व चुरमुरे येतात, जत्रेतून नारळ व अंगारा येतो. दीक्षाभूमीला व चैत्यभूमीला नवस नाही, अंगारा नाही, प्रसादही नाही. ती रिकामी झालेली जागा पुस्तकाने घेतली. गावाकडे राहिलेल्यांसाठी पुस्तक, शाळेत जाणाऱ्या नातवासाठी पुस्तक, शेजाऱ्याने पैसे देऊन मागविलेले पुस्तक, अशी ही खरेदी असते. खरेदी करणारी आजी स्वतः निरक्षर असली तरी मुखपृष्ठावरील चित्रावरून पुस्तक ओळखते आणि विक्रेत्याकडून पहिले पान वाचून घेते. ही दृश्ये आम्ही वर्षानुवर्षे पाहिली आहेत व आमच्या वाचकांनाही ती नवी नाहीत.

पुस्तिकेचे गणित

या विक्रीमागील व्यवहार समजल्यावाचून तिचे सामर्थ्य ध्यानात येणार नाही. छापखान्यात कागदाच्या एका तावावर सामान्यतः सोळा पानांचा एक फर्मा छापला जातो. एक, दोन वा तीन फर्म्यांची, म्हणजे १६, ३२ किंवा ४८ पानांची पुस्तिका केली तर कागद वाया जात नाही, बांधणीला दोन तारा पुरतात आणि किंमत मजुराच्या खिशाला परवडेल इतकी ठेवता येते. वंदना, प्रतिज्ञा, संस्कारविधी, बाबासाहेबांचे एखादे भाषण, माता रमाईचे चरित्र, भीमगीते असे विषय या मापात बसतात. जोडीला भारतीय संविधान, फुले वाङ्मय, आत्मचरित्रे, कवितासंग्रह व स्पर्धा परीक्षांची पुस्तके असे जाड ग्रंथही असतात.

या प्रकाशकांचे वर्ष यात्रांच्या तिथींवर चालते. ऑक्टोबरात नागपूर, डिसेंबरात दादर, १ जानेवारीस कोरेगाव भीमा, ३ जानेवारीस सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव, २० मार्चला महाड आणि १४ एप्रिलला ठिकठिकाणच्या जयंत्या, असा पुस्तकांच्या पेट्यांचा प्रवास होतो. शहरातील पुस्तकांच्या दुकानात ज्यांना शिरण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यापर्यंत दुकान स्वतः चालत येते. पुण्याचे सुगावा प्रकाशन, छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) कौसल्य प्रकाशन, दिल्लीचे सम्यक प्रकाशन यांसारख्या संस्थांचा वाचकवर्ग घडण्यात या मेळाव्यांचा मोठा वाटा आहे. औरंगाबाद येथून डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालविलेल्या 'अस्मितादर्श' नियतकालिकाने लेखक-वाचक मेळावे भरविले, तेव्हा त्यांना प्रतिसाद देणारा वाचक या वातावरणातच वाढलेला होता.

हा व्यवहार यात्रांवर किती अवलंबून आहे हे २०२० साली स्पष्ट झाले. साथीमुळे त्या वर्षी नागपूर व दादर या दोन्ही ठिकाणी जनसमुदाय जमू शकला नाही आणि लहान प्रकाशकांचा वर्षाचा आधारच तुटला.

शासकीय खंडांची रांग

महाराष्ट्र शासनाने १९७६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरित्र साधने प्रकाशन समिती नेमली. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ साली निघाला. १९९२ साली 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा अकरावा खंड म्हणून आला. जाड बांधणी व अल्प किंमत यांमुळे या खंडांच्या दुकानांपुढे दोन्ही ठिकाणी लांब रांगा लागू लागल्या.

हे खंड बहुतांशी इंग्रजीत आहेत. रांगेत उभ्या असलेल्या अनेकांना इंग्रजी वाचता येत नव्हते, कित्येकांना मराठीही नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही खरेदी केवळ श्रद्धेची वाटेल आणि तिच्यात श्रद्धेचा अंश आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु श्रद्धेने घेतलेली मूर्ती मूर्तीच राहते, तर श्रद्धेने घेतलेला ग्रंथ घरातील मुलापुढे एक प्रश्न ठेवतो : हे वाचावयाचे कोणी? तो मुलगा वा ती मुलगी दहावीला, बारावीला पोहोचते तेव्हा तो खंड फळीवर वाट पाहत असतो. १९८७ साली चौथा खंड निघाल्यावर 'रिडल्स इन हिंदुइझम' वरून वाद उद्भवला आणि १९८८ च्या आरंभी त्या ग्रंथाच्या रक्षणासाठी मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चात चालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो ग्रंथ वाचलेला नसणार. पण तो आपला आहे व तो छापलेला राहिला पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ग्रंथावरील स्वामित्वाची ही जाणीव वाचनाच्या आधी आली, हाच आमचा मुद्दा आहे.

पुढे हे खंड मिळेनासे झाल्याच्या तक्रारी वाढल्या. वृत्तपत्रीय वृत्ताच्या आधारे २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने छपाई रखडल्याची स्वतःहून दखल घेतली. लोक विकत घेण्यास रांगेत उभे आहेत आणि पुस्तक नाही, अशी स्थिती कोणत्याही साक्षरता मोहिमेला शोभणारी नाही.

आकडे काय सांगतात

१९६१ साली भारतातील एकंदर साक्षरता सुमारे २४ टक्के होती. अनुसूचित जातींमध्ये ती १०.२७ टक्के व त्यांतील स्त्रियांमध्ये ३.२९ टक्के होती. बौद्ध झालेला समाज बहुतांशी याच स्तरांतून आलेला होता. २००१ च्या जनगणनेत देशातील बौद्धांची साक्षरता ७२.७ टक्के, म्हणजे ६४.८ या राष्ट्रीय प्रमाणापेक्षा अधिक आढळली. २०११ मध्ये ती ८१.३ टक्के झाली व राष्ट्रीय प्रमाण ७३ टक्के होते.

या प्रगतीचे श्रेय पुस्तकांच्या दुकानांना देणे अतिशयोक्तीचे होईल. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची महाविद्यालये, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या, राखीव जागा आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविणारे आईबाप, ही तिची मुख्य कारणे आहेत. यात्रेतील पुस्तकाने केले ते काम वेगळे आहे. शाळेने दिलेले अक्षर परीक्षेनंतर विसरले जाऊ नये, याची सोय त्याने घरात करून ठेवली. वाचता येणे आणि वाचत राहणे यांत अंतर आहे. ज्या घरात वाचण्याजोगे काहीच नसते तेथे शिकलेले अक्षरही पुसट होते. भजनाच्या जागी वंदना, पोथीच्या जागी चरित्र, असा नवा पाठ या पुस्तिकांनी दिला व तो घरातील शिकलेल्या मुलीकडून आजीपर्यंत मोठ्याने वाचला गेला. अशा घरांत वाचून दाखविणाराही शिकत होता आणि ऐकणाराही.

आजचे कर्तव्य

अलीकडे या मेळाव्यांत मूर्ती, बिल्ले, तसबिरी व दिनदर्शिका यांची दुकाने पुष्कळ वाढली आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. मात्र पुस्तकाची जागा त्यांनी घेऊ नये, एवढी दक्षता समाजाने घेतली पाहिजे. कागद महागल्याने पातळ पुस्तिकाही पूर्वीसारख्या स्वस्त राहिलेल्या नाहीत. घाईने छापलेल्या काही पुस्तिकांत पाली गाथांचे पाठ अशुद्ध असतात आणि बाबासाहेबांच्या नावावर संदर्भाविना वाक्ये दिलेली असतात. प्रथमच वाचावयास शिकलेल्या माणसाच्या हाती अशुद्ध पाठ देणे हा त्याच्या श्रमाचा अवमान आहे.

यासाठी विहारांनी तीन गोष्टी हाती घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, प्रत्येक विहारात यात्रेतून आणलेल्या पुस्तकांसाठी एक कपाट असावे व आठवड्यातून एकदा सामुदायिक वाचन व्हावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यात मागच्या नव्हे, पुढच्या रांगेत बसवावे. दुसरी, पाली जाणणाऱ्या अभ्यासकांनी वंदना व संस्कारविधींच्या पुस्तिका छपाईपूर्वी तपासून द्याव्यात. याचा खर्च जवळजवळ नाही. तिसरी गोष्ट इतिहासाची आहे. या पुस्तिकांपैकी अनेकांवर छपाईचे साल नसते व त्या ग्रंथालयांत नोंदल्या जात नाहीत. आजोबांच्या पेटीत पडलेली सोळा पानांची जीर्ण पुस्तिका रद्दीत जाण्यापूर्वी तिचे नाव, प्रकाशक, छापखाना, किंमत व ती कोणत्या यात्रेतून आणली गेली, एवढी माहिती विहाराच्या वहीत उतरवून ठेवावी. पन्नास विहारांनी हे काम केले तर लोकांच्या वाचनाचा जो इतिहास आज कोठेही लिहिलेला नाही, तो आपोआप सिद्ध होईल.

कान्हेरीच्या दात्याने आपल्या ठेवीतून पुस्तकांसाठी वाटा राखला आणि तो दगडावर कोरून ठेवला, म्हणून आज आपणांस तो कळतो. आपल्या आईवडिलांनी मजुरीच्या पैशांतून पुस्तकांसाठी राखलेला वाटा कोणत्याही शिळेवर कोरलेला नाही. त्याचा पुरावा म्हणजे ती पुस्तकेच. ती जपणे आणि वाचती ठेवणे हे आपल्या पिढीचे धम्मदान ठरेल.